मेजावरचे युद्ध : मूठभर निवडक शिपाई कसे वापरावेत?



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही शिक्षकबंधू मनात म्हणतील, ‘मेजावरचे युद्ध? ते तर आमच्या शिक्षकांच्या खोलीत रोजच चालते!’ ते युद्ध वेगळे. मी सांगणार आहे तो एक खेळ आहे. मोठ्या मेजावर इंच-सव्वा इंच उंचीचे रंगवलेले शिपाई मांडायचे, पट्टीने अंतर मोजून ते पुढे सरकवायचे आणि फासे टाकून कोण उभा राहिला, कोण पडला ते ठरवायचे. युरोप-अमेरिकेत हा खेळ मोठी माणसे फार गंभीरपणे खेळतात. आपल्याकडे अजून तो थोड्यांनाच ठाऊक आहे. पण त्यात एक प्रश्न सारखा येतो, आणि तो प्रश्न सर्वांच्याच उपयोगाचा आहे. आपल्यापाशी चांगली माणसे मूठभरच असली, तर ती कुठे लावावीत, केव्हा लावावीत आणि कुठे मुळीच लावू नयेत?

बुद्धिबळाचा पट आपल्या ओळखीचा आहे. चावडीवर नाहीतर देवळाच्या ओट्यावर दोन म्हातारे डाव मांडून बसलेले आपण पाहतो. नवखा पोरगा खेळायला बसला की पहिल्या चार खेळ्यांतच वजीर बाहेर काढतो. समोरचा मुरलेला खेळाडू घोड्याने, प्याद्याने त्या वजिराला हुसकावत राहतो आणि तेवढ्या वेळात आपली सारी मोहरी बाहेर आणतो. पोराचा वजीर मरत नाही, पण पोराचा डाव मरतो. वजीर बलवान खरा. पण तो बलवान आहे एवढे ठाऊक असणे निराळे, आणि तो वापरता येणे निराळे.

मेजावरच्या युद्धात ही अडचण आणखी वाढते. बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सारखीच मोहरी मिळतात. या खेळात मात्र आपले सैन्य आपणच निवडायचे असते. दोघांनाही ठरावीक गुण दिलेले असतात. आठवड्याच्या बाजाराला ठरावीक पैसे घेऊन निघावे तसे समजा. त्या गुणांत पुष्कळ साधे शिपाई घ्या, नाहीतर थोडे भारी शिपाई घ्या. चूक मेजावर व्हायच्या आधी बाजारातच होऊ शकते!

या खेळाचा थोडा इतिहास सांगतो. प्रशियाच्या दरबारातील एक अधिकारी फोन राइस्विट्झ याने १८१२ साली राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्यासाठी एक खास मेज तयार केले. त्यावर डोंगर, नद्या, रस्ते यांचे तुकडे जोडून हवी तशी रणभूमी मांडता येई. त्याचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ साली हा खेळ नकाशावर आणला, नियम छापले आणि फासे व कोष्टके यांच्या आधाराने चकमकीचा निकाल लावण्याची पद्धत बसवली. प्रशियाच्या सेनापतींना तो इतका पटला की लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात त्याला जागा मिळाली. पुढे १९१३ साली प्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहिले, आणि खेळण्यातले शिपाई व खेळण्यातली तोफ घेऊन हा खेळ घरातल्या जमिनीवर आणला. आणि १९८७ साली इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने ‘वॉरहॅमर ४०,०००’ नावाचा खेळ काढला. त्यातले युद्ध दूरच्या भविष्यकाळातले, कल्पनेतले आहे. पण त्यातले हिशेब अगदी खरे आहेत. आज उदाहरणादाखल याच खेळाचे २००८ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीतले नियम घेऊ. त्यानंतर नियम अनेकदा बदलले. तरी निवडक तुकडीचा प्रश्न त्या आवृत्तीत फार स्वच्छ दिसतो.

या खेळात एक साधा शिपाई आहे. तो ‘इंपीरियल गार्ड’ या सैन्यातला. दहा जणांच्या तुकडीची किंमत ५० गुण, म्हणजे माणशी ५. दुसऱ्या बाजूला ‘टर्मिनेटर’ म्हणून एक निवडक शिपाई आहे. त्याच्या अंगावर जाड चिलखत आणि हातात लोखंडी पंजा. पाच जणांची तुकडी २०० गुणांना, म्हणजे माणशी ४०. एका टर्मिनेटरच्या किमतीत आठ साधे शिपाई येतात. चाळीस माणसे घ्यावीत की पाच?

आता पाटी-पेन्सिल घ्या. शत्रूच्या साध्या बंदुकीचे १८ नेम आपल्या साध्या शिपायांना लागले असे धरा. खेळाच्या नियमाप्रमाणे त्यांतले सरासरीने निम्मे, म्हणजे ९, खरे घाव ठरतात. साध्या शिपायाचे चिलखत सहापैकी दोनदाच उपयोगी पडते. म्हणून ९ पैकी ६ शिपाई पडतात. नुकसान झाले ३० गुणांचे. हेच १८ नेम टर्मिनेटरांना लागले तर? त्यांची कातडी जाड, म्हणून १८ पैकी ६ च घाव ठरतात. आणि त्यांचे चिलखत सहापैकी पाचदा वाचवते. म्हणजे पडतो फक्त एक. पण त्या एकाची किंमत ४०!

पाहिलेत ना? टर्मिनेटर साध्या शिपायापेक्षा सहापट टिकाऊ आहे, पण आठपट महाग आहे. आणि शत्रूने चिलखत भेदणारी प्लाझ्मा बंदूक आणली, तर विचारूच नका. तिचे १८ नेम लागले तर १५ घाव होतात. साधे शिपाई १५ च्या १५ पडतात, नुकसान ७५ गुणांचे. टर्मिनेटरांना तिथे शेवटचे एक संरक्षण उरते, ते सहापैकी दोनदा वाचवते. म्हणून १० पडतात. नुकसान ४०० गुणांचे! त्याच बंदुकीपुढे पाचपटीहून जास्त तोटा.

मग कोणी म्हणेल, असले महागडे पाहुणे घ्यावेतच कशाला? त्याचे उत्तर दुसऱ्या हिशेबात आहे. समोर रणगाडा उभा आहे. साध्या बंदुकीचे बळ ३. त्यात फाशाचे दान मिळवायचे. दान जास्तीत जास्त ६. बेरीज झाली ९. रणगाड्याचे कवच कमीत कमी १०. म्हणजे चाळीस शिपायांनी दिवसभर गोळ्या झाडल्या तरी त्याच्यावर ओरखडासुद्धा उठणार नाही. टर्मिनेटरच्या पंजाचे बळ ८. दोन पडले की कवचाची बरोबरी झाली, तीन पडले की कवच फुटले. जे काम चाळिसांना जन्मात जमणार नाही, ते पाच जण एका धडकेत करतात.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की निवडक तुकडी जास्त टिकते म्हणून घ्यायची नसते, किंवा ती जास्त माणसे मारते म्हणूनही नाही. इतरांना जे मुळीच जमत नाही असे एखादे काम ती करते, म्हणून घ्यायची. सोनारानेच कान टोचावेत असे आपण म्हणतो. पण सोनार घरी आला म्हणून कोणी त्याला लाकडे फोडायला लावत नाही. तुकडी मेजावर मांडण्यापूर्वी तिचे काम एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ‘ही तुकडी तो रणगाडा फोडील’, ‘ही तुकडी टेकडीवरची तोफ बंद पाडील’. असे वाक्य तयार नसेल तर ती तुकडी न घेतलेली बरी.

दुसरी गोष्ट, जोडीदार बघून लढा. निवडक तुकडीला शत्रू दोन प्रकारांनी निकामी करतो. एक प्रकार आपण पाहिला, तो म्हणजे चिलखत भेदणारी बंदूक. दुसरा प्रकार जास्त कावेबाज आहे. शत्रू आपले स्वस्तातले वीस-तीस शिपाई आपल्या टर्मिनेटरांच्या अंगावर घालतो. त्यांनी टर्मिनेटर मारावेत अशी त्याची अपेक्षाच नसते. त्यांनी फक्त गुंतवून ठेवायचे. टर्मिनेटर एका झटापटीत सरासरी पाच-सहा माणसे लोळवतात. बघणाऱ्याला वाटते, काय पराक्रम! पण सबंध डाव असतो पाच ते सात पाळ्यांचा. त्यांतल्या दोन पाळ्या या गर्दीत गेल्या, तर २०० गुणांची तुकडी शे-सव्वाशे गुणांच्या माणसांनी बांधून ठेवली असा त्याचा अर्थ झाला. तिकडे तो रणगाडा मोकळा फिरतो आहे. पावसाळ्यात गाडीचे चाक रुतते, तेव्हा बैल काही मरत नाहीत. पण बाजार हुकतो. तसेच हे.

यावर उपाय काय? निवडक तुकडी एकटी पुढे पाठवू नये. तिच्यापुढे आपले साधे शिपाई चालवावेत. शत्रूची गर्दी अंगावर आली तर ती त्यांनी झेलावी, आणि मागून निवडक तुकडीने बाजूने निघून आपल्या कामाला जावे. पुष्कळ खेळाडू नेमके उलटे करतात. चिलखतवाल्यांना ढाल म्हणून पुढे ठेवतात आणि साध्या शिपायांना त्यांच्या आडोशाला लपवतात. दिसायला ते बरोबर दिसते. पण मघाचा हिशेब आठवा. साध्या बंदुकीपुढे साधा शिपाई गमावणे स्वस्त पडते.

तिसरी गोष्ट वेळेची. या खेळात टर्मिनेटरांना सुरुवातीला मेजाबाहेर राखून ठेवता येते आणि मग एकदम आकाशातून शत्रूच्या पिछाडीला उतरवता येते. ऐकायला हे फार आकर्षक वाटते. पण नियम असा : दुसऱ्या पाळीत फासा टाकायचा, ४, ५ किंवा ६ पडले तर तुकडी येते. नाही आली तर तिसऱ्या पाळीत ३ किंवा जास्त पडावे लागतात. चौथ्या पाळीत २ किंवा जास्त. शिक्षकबंधूंनो, वर्गात हे गणित जरूर घाला. दुसऱ्या पाळीत न येण्याची शक्यता अर्धी. तिसऱ्यातही न येण्याची एक-तृतीयांश. दोहोंचा गुणाकार एक-षष्ठांश. म्हणजे दर सहा डावांत सरासरीने एका डावात तुमची उत्तम तुकडी तिसरी पाळी संपली तरी मेजावर नसणार. अर्धी लढाई तिच्यावाचून लढावी लागणार. जी योजना तिच्या येण्यावरच उभी आहे, ती योजना सहांतून एकदा वरातीमागून घोडे नाचवणार!

शिवाय उतरताना ती नेमक्या जागी उतरेल असेही नाही. दिशा दाखवणाऱ्या फाशाच्या सहापैकी दोनच बाजू ‘नेमके’ सांगतात. उरलेल्या चार बाजू पडल्या की तुकडी भरकटते, आणि ती दोन फाशांच्या बेरजेइतके इंच. शत्रूच्या डोक्यावर किंवा मेजाच्या कडेबाहेर जाऊन पडली तर सगळीच तुकडी गमावण्याची पाळी येऊ शकते. मग करावे काय? इथे नियमांत एक फार सुंदर सोय आहे. आपल्या साध्या तुकडीतल्या हवालदाराजवळ एक खुणेचे यंत्र देता येते. तो आधी चालत पुढे जातो आणि योग्य जागी उभा राहतो. मग त्याच्यापासून सहा इंचांच्या आत उतरणारे टर्मिनेटर भरकटत नाहीत. म्हणजे बघा, आकाशातून उतरणाऱ्या शूरांना वाट दाखवायला पायी चालणारा हवालदारच लागतो. तो पोचला नाही, तर शूरांचे शौर्य कुठल्या तरी कोपऱ्यात सांडते.

राखीव सैन्याची वेळ साधणे किती अवघड आहे, हे खऱ्या इतिहासातही दिसते. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या रणांगणावर संध्याकाळी फ्रेंचांनी इंग्रजी फळीसमोरची एक महत्त्वाची वाडी जिंकली. त्या वेळी मार्शल ने याने नेपोलियनकडे आणखी सैन्य मागितले. नेपोलियनने ते दिले नाही. उजवीकडून प्रशियन सैन्य आले होते, त्याला थोपवायला त्याचे राखीव सैन्य गुंतले होते. पुढे सात-साडेसातच्या सुमारास त्याने आपल्या नामांकित गार्डच्या काही पलटणी चढाईला पाठवल्या. तेवढ्या अवधीत वेलिंग्टनने आपली फळी सावरली होती. गार्ड मागे हटली, आणि ‘गार्ड हटली’ हे पाहून उरलेल्या फ्रेंच सैन्याचा धीर सुटला. निवडक तुकडीचा हा एक छुपा धोका आहे. ती जिंकते तेव्हा सर्वांना हुरूप येतो, पण ती हरते तेव्हा सर्वांचे पाय गळतात. याच्या उलट आपल्या मनाला अजून बोचणारे उदाहरण पानिपताचे. १४ जानेवारी १७६१ रोजी अब्दालीने राखून ठेवलेल्या ताज्या तुकड्या दुपारनंतर लढाईत घातल्या, त्या आपली माणसे आणि घोडी थकून गेली असताना. राखीव सैन्य दोघांनीही ठेवले होते. फरक पडला तो घड्याळाचा.

चौथी गोष्ट जागेची. याबद्दल आपल्याच मातीतले एक उदाहरण सांगतो. जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी जनरल वेलस्लीची लढाई झाली. पुढे वॉटर्लूला जिंकणारा वेलिंग्टन तो हाच. इंग्रजी सैन्यात गोऱ्या पायदळाच्या दोनच पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी, आणि त्याची सारी भिस्त त्यांच्यावर होती. असई गावात शिंद्यांच्या तोफा आणि पायदळ होते, म्हणून गावापासून दूर राहायचे असे ठरले होते. पण उजव्या टोकाला वाट दाखवत चाललेली पुढची तुकडी वळायच्या ऐवजी थेट गावाच्या रोखाने गेली, आणि तिच्यामागोमाग ७४ वी पलटणही गेली. तोफांच्या भडिमारात ती जवळजवळ कापली गेली. उरलेले शिपाई चौकोन करून उभे राहिले. त्यांना वाचवण्यासाठी राखून ठेवलेले घोडदळ वेळेआधीच सोडावे लागले. वेलस्लीने लढाई जिंकली, पण त्याची १,५८४ माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. शिंद्यांच्या तोफखान्याचे गोलंदाज शेवटपर्यंत आपल्या तोफांपाशी लढत राहिले, हेही इथे सांगितले पाहिजे.

मेजावरचे युद्ध खेळणाऱ्यांना ही लढाई चांगली परिचित आहे. ती पुन्हा मांडताना जो इंग्रजांची बाजू घेतो, त्याच्यापुढे हाच पेच असतो. उत्तम पलटण चुकीच्या जागी गेली, तर नुकसान तिच्यापुरते राहत नाही. तिला सोडवायला दुसरी चांगली तुकडी लागते, आणि मग ती दुसरी तुकडी ज्या कामासाठी ठेवली होती ते काम पडून राहते. साधी तुकडी अडकली तर खेळाडू मन घट्ट करून पुढे जातो. महागडी तुकडी अडकली की त्याचा जीव तिच्यात अडकतो. म्हणून मुरलेले खेळाडू सांगतात, की निवडक तुकडी पुढे घालण्याआधी तिची परतीची वाट पाहून ठेवा. आणि ती वाट नसेल, तर ती परत येणार नाही हे आधीच मनाशी धरून तिच्या मोबदल्यात काय मिळणार ते ठरवा.

पाचवी गोष्ट शेवटची, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या पाचव्या आवृत्तीत तीन प्रकारचे डाव होते. त्यांपैकी दोन प्रकारांत मेजावर ठरावीक ठिकाणी ठाणी असत. डाव संपताना ज्याच्या ताब्यात जास्त ठाणी, तो जिंकला. आणि नियम असा होता की ठाणे ताब्यात घेण्याचा अधिकार सामान्यतः साध्या पायदळालाच! टर्मिनेटर ठाण्यावरून शत्रूला हुसकावू शकत. पण स्वतः तिथे उभे राहिले तरी ठाणे त्यांचे होत नसे. शिवाय सैन्य निवडतानाच अट असे, की साध्या तुकड्या किमान दोन हव्यातच आणि निवडक तुकड्या जास्तीत जास्त तीन. नियम करणाऱ्यांनी जणू सांगून ठेवले होते, की निवडकांनी दार फोडावे, घर मात्र साध्यांनी राखावे.

असे कितीतरी डाव होतात, की एका खेळाडूचे टर्मिनेटर रणगाडे फोडतात, तोफा उलथतात, मेजावर जिकडेतिकडे त्यांचाच जयजयकार. आणि डाव संपताना ठाणी मोजली तर हा हरलेला! कारण सगळे गुण त्याने पराक्रमावर खर्च केले आणि ठाण्यावर उभे राहायला चार साधे शिपाई उरले नाहीत. शर्यतीचा बैल दारात शोभतो, गावात नाव काढतो. पण सगळा चारा त्यालाच घातला आणि नांगराची जोडी उपाशी ठेवली, तर पेरणी कोण करणार?

आता शिक्षकबंधूंसाठी एक सूचना. या खेळाचे रंगीत शिपाई बरेच महाग असतात. पण खेळातले शहाणपण मिळवायला त्यांची गरज नाही. शाळेच्या ओसरीवर खडूने बारा घरे लांब, आठ घरे रुंद असा पट आखा. साधे शिपाई म्हणून चिंचोके घ्या, निवडक म्हणून सागरगोटे. प्रत्येक मुलाला २०० गुण द्या. चिंचोका ५ गुणांना, सागरगोटा ४० ला. चोवीस चिंचोके आणि दोन सागरगोटे घेतले की बरोबर २०० होतात. पण ज्याला जसे हवे तसे घेऊ द्या. पटाच्या मधोमध तीन ठाणी खुणेने दाखवा. ठाणे चिंचोक्यालाच मिळेल, सागरगोट्याला नाही. पाळीला प्रत्येकाने दोन घरे चालावे. शेजारच्या घरातल्या शत्रूवर चिंचोक्याने एक फासा टाकावा. ५ किंवा ६ पडले तर मार लागला. सागरगोट्याने दोन फासे टाकावेत. ३ किंवा जास्त पडले तर मार लागला. ज्याला मार लागला त्याच्या मालकाने फासा टाकायचा. चिंचोका असेल तर ५ किंवा ६ पडल्यास वाचला. सागरगोटा असेल तर १ पडल्यावरच मेला. सहा पाळ्या झाल्या की ठाणी मोजा. आणि एका ठाण्यावर खडूने किल्ला काढा. त्याचे दार सागरगोट्यावाचून कोणाला फोडता येणार नाही, असा नियम ठेवा.

पहिल्या दिवशी बहुतेक मुले सागरगोट्यांवरच गुण उधळतील, आणि ठाणी घ्यायला माणसे नाहीत म्हणून हरतील. मग काही जण नुसते चिंचोके घेतील आणि किल्ल्याच्या दारात अडून बसतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुले आपोआप बोलू लागतील, ‘गुरुजी, सागरगोटा किल्ल्यासाठी राखून ठेवावा, आणि त्याच्यामागे चार चिंचोके आत शिरायला हवेत.’ सरासरी, शक्यता, गुणाकार हे सगळे त्यात शिकून होईल. पण त्याहून मोठी गोष्ट मुलांच्या लक्षात येईल. वर्गात चार मुले हुशार असतात. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडूनच घेतले, प्रत्येक समारंभात त्यांनाच पुढे केले, तर ती दमतात आणि बाकीची छत्तीस हातपाय हलवायचे विसरतात. गावातही असेच. एखादा चांगला कार्यकर्ता सापडला की पतपेढी, शाळा, पाणीपुरवठा, यात्रा सगळे त्याच्याच गळ्यात. दोन वर्षांत तो थकतो, आणि मग काम पुढे न्यायला कोणी तयार झालेले नसते.

एक फरक मात्र मुलांना आवर्जून सांगा. मेजावर पडलेला शिपाई डाव संपला की पेटीत जातो आणि पुढच्या रविवारी पुन्हा ताजा होऊन उभा राहतो. असईच्या मातीत पडलेले दोन्हीकडचे शिपाई उठले नाहीत. ज्यांना लढाईची हौस आहे त्यांनी ती खेळण्यातल्या शिपायांवर भागवावी, अशीच वेल्स यांची आपल्या पुस्तकात मनापासूनची इच्छा होती. ते पुस्तक निघाले १९१३ साली. आणि पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध थांबत नाही, हे खरे. पण एक माणूस कुठे उभा करावा याचा निर्णय घेताना त्याची किंमत मोजायची सवय खेळाने लागते. ती सवय लहानपणी चिंचोक्यांवर लागली, तर मोठेपणी माणसांच्या बाबतीत उपयोगी पडेल.